स्मरणसभेत पुनर्भेटीच्या आशेविषयी कसे बोलावे

ख्रिस्ती घरात कोणी गेले की दफनविधीची जबाबदारी पाळकांवर किंवा फादरांवर असते. उपासनेचा क्रम ठरलेला असतो आणि म्हणायची वाक्ये पुस्तकात छापलेली असतात. पुढे काही दिवसांनी घरी किंवा चर्चमध्ये स्मरणसभा होते, तेव्हा मात्र नात्यातल्या किंवा मंडळीतल्या एखाद्याला ऐनवेळी “तुम्ही दोन शब्द बोला” असे सांगितले जाते, आणि त्या दोन शब्दांत “आपली पुन्हा भेट होणार आहे” हे वाक्य हमखास येते. ते जरूर यावे, कारण ते ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्यातले आहे. पण ते कशावर उभे आहे आणि कोठे थांबते हे ठाऊक नसताना बोलले, तर ऐकणाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे होते.

मी पहिल्यांदा असा बोलायला उभा राहिलो, तेव्हा आठ दिवसांचे बाळ गेलेली आई समोर सतरंजीवर बसली होती. “देवाला आपल्या बागेत एक कळी हवी होती,” असे मी मोठ्या भावनेने म्हणालो. सभा आटोपल्यावर तिचा निरोप घ्यायला गेलो, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “दादा, त्याच्या बागेत कळ्या कमी होत्या का?” मला उत्तर देता आले नाही, कारण ते वाक्य पवित्र शास्त्रातले नव्हतेच, कोठेतरी ऐकलेले गोड वाक्य मी तिच्या पदरात टाकले होते. पुढे जे लिहिले आहे, ते त्यानंतर अनेक सभांत बोलून, चुकून आणि अनुभवी पाळकांकडून कान पिळून घेऊन जमलेले आहे.

बोलण्याआधी काय विचारून घ्यावे

शक्य असेल तर सभेच्या आदल्या दिवशी त्या घरी जाऊन बसावे आणि सर्वांत आधी ते कुटुंब कोणत्या परंपरेतले आहे हे नीट समजून घ्यावे. वसईतल्या कॅथलिक घरी मृत व्यक्तीसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची भाकर-द्राक्षारसाची उपासना, अर्पण केली जाते, शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी प्रार्थना होते, आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी कबरी स्वच्छ करून, फुले वाहून, मेणबत्त्या लावून सारे कुटुंब सिमेट्रीत उभे असते. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा शास्त्राधार म्हणून मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय दाखवला जातो, आणि ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून ज्या अहिल्यानगर भागात काम केले, तिथल्या प्रोटेस्टंट घरांत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानतात आणि मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना करतात. त्यामुळे “त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू या” हे वाक्य एका घरात आवश्यक असते, तर दुसऱ्या घरात ते ऐकून वडीलमंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. पुनर्भेटीची आशा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

ज्यांना हा फरक म्हणजे केवळ तंटा वाटतो, त्यांनी प्राचीन मंडळीतले थोर आचार्य संत ऑगस्टीन यांच्या आईचे, मोनिकाचे, शेवटचे बोलणे आठवावे. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. आफ्रिकेतल्या आपल्या गावी पतीशेजारी पुरले जावे ही तिची जुनी इच्छा होती, पण शेवटी ती मुलांना म्हणाली की हे शरीर कोठेही पुरा, फक्त जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. जाणारा आणि राहणारा यांच्यातले नाते तुटत नाही, ही तिच्या बोलण्यातली खात्री दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्या नात्यात आपण नेमके काय करावे, एवढ्यावरच मतभेद आहे.

समोर कोण बसणार आहे, हेही विचारावे. आपल्याकडच्या स्मरणसभेत निम्मे लोक शेजारी, कार्यालयातले सहकारी, शाळेतले मित्र असे असतात आणि ते बहुधा हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या कानी ‘पुनरुत्थान’ हा शब्द ‘पुनर्जन्म’ असा पडतो. म्हणून एका वाक्यात भेद स्पष्ट करावा: पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव नव्या देहात, नव्या घरात येतो आणि जुनी नाती मागे पडतात, पुनरुत्थानाच्या विश्वासात तीच व्यक्ती, त्याच नावाने, पण मरण नसलेल्या शरीराने उठते. भेटीची आशा याच ‘तीच व्यक्ती’वर टेकलेली आहे. हे वादाच्या सुरात सांगण्याचे कारण नाही, पण सांगितले नाही तर पुढचे सगळे बोलणे हवेत जाते.

तिसरी गोष्ट विचारायची नसते, ऐकायची असते. घरातल्या माणसाला नेमके काय बोचते आहे हे तासभर बसल्याशिवाय कळत नाही. कोणाला शेवटच्या दिवशी भांडण झाल्याचे दुःख असते, कोणाला इस्पितळात आत सोडले नाही याचे, तर कोणाला गेलेल्या माणसाने कधी चर्चची पायरी चढली नाही याचे. पुनर्भेटीविषयी बोलताना हे माहीत नसेल, तर शब्द नको तिथे लागतात.

एकच उतारा निवडावा

नवशिका वक्ता दहा वचने गोळा करतो आणि पंधरा मिनिटे वाचत राहतो. त्यापेक्षा एकच उतारा निवडावा आणि तो आदल्या रात्री तीन-चार वेळा मोठ्याने वाचावा. मला विचाराल तर तो थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातला, १३ ते १८ या ओव्यांचा असावा. प्रेषित पौलाने हे पत्र ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला इ. स. ५० च्या सुमारास लिहिले. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांत ते मोडते, म्हणजे शोकात पडलेल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले इतके जुने सांत्वन आपल्याला दुसरे सहसा सापडत नाही. थेस्सलनीकातल्या लोकांची अडचण अगदी घरगुती होती. प्रभू लवकरच येणार या आशेवर ते जगत होते, आणि त्यांच्यातली काही माणसे त्याआधीच वारली; मग ती भेटीला मुकली की काय, अशी त्यांना धास्ती वाटू लागली.

पौल त्यांना खेद करू नका असे म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे म्हणतो. हा फरक बोलताना हळू आवाजात, पण स्पष्ट सांगावा. त्यानंतर तो क्रम सांगतो: ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, आणि मग जिवंत राहिलेले त्यांच्याबरोबर प्रभूला सामोरे जातील. सगळे सांत्वन ‘त्यांच्याबरोबर’ या एका शब्दात आहे. पौलाला नुसते “आपण प्रभूबरोबर राहू” असे लिहिता आले असते, पण त्याने आधी गेलेल्यांशी गाठ घालून दिली आणि मग प्रभूशी. शेवटी तो म्हणतो की या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा. स्मरणसभेत उभे राहण्याचा आपला अधिकार त्याच आज्ञेतून येतो.

‘सामोरे जाणे’ हा शब्दही वाया घालवू नये. मूळ ग्रीक शब्द मोठ्या पाहुण्याच्या स्वागताला गावाबाहेर जाऊन त्याला घेऊन येण्यासाठी वापरत. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात दिवे घेतलेल्या दहा कुमारी नवऱ्याला सामोऱ्या जातात, तेथे हाच शब्द आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. लग्नात नवरदेव वेशीपाशी आला की वधूकडची मंडळी वाजतगाजत सामोरी जातात आणि त्याला घेऊन परत येतात. आपले गेलेले माणूस त्या सामोऱ्या जाणाऱ्या मंडळीत आपल्या शेजारी असेल, एवढे चित्र उभे केले तरी पुरे होते.

याऐवजी काही जण जुन्या करारातल्या दावीद राजाचे वचन निवडतात. त्याचे मूल आजारी असताना तो उपास करून जमिनीवर पडून राहिला, सातव्या दिवशी मूल गेले, तेव्हा तो उठला, अंघोळ केली, देवाच्या मंदिरात गेला आणि जेवला. लोकांनी नवल केले तेव्हा मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही, असे तो बोलला. मूल गेलेल्या घरी हा उतारा जवळचा वाटतो, पण जपून वापरावा. ते मूल दावीदाच्या पापामुळे गेले असे त्याच अध्यायात लिहिले आहे, आणि समोरच्या आईने घरी जाऊन पूर्ण अध्याय वाचला तर तिला काय वाटेल याचा विचार आपणच करायचा असतो.

योहानाच्या अकराव्या अध्यायाची गोष्ट निराळी आहे. तो कोठेही चालतो. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे, असे त्याची बहीण मार्था म्हणते, आणि तिच्या बोलण्यात पाठ केलेल्या उत्तराचा कोरडेपणा जाणवतो. शिकवण बरोबर आहे, पण तिने जीव हलका झालेला नाही. येशू तिला तारीख सांगत नाही. “पुनरुत्थान व जीवन मीच आहे,” असे म्हणून तो आशेला दिवसावरून व्यक्तीवर आणतो, आणि थोड्याच वेळात, लाजराला आपण उठवणार आहोत हे माहीत असूनही, तो रडतो. “रडू नका, ते देवाघरी गेले आहेत,” असे सभेत म्हणण्याचा मोह झाला, तर ‘येशू रडला’ हे दोन शब्दांचे वचन आठवावे. ऑगस्टीननेही आईच्या दफनाच्या वेळी मोठ्या निग्रहाने अश्रू आवरले होते. मग रात्री झोपून उठल्यावर एकटाच अंथरुणावर पडून रडला आणि तसे प्रांजळपणे लिहूनही ठेवले.

ओळख पटेल का

सभेनंतर चहा घेताना हमखास येणारा प्रश्न हाच असतो. एका खेड्यातल्या आजीने तो मला जसा विचारला, तसा कोणा पंडितालाही विचारता आला नसता. तिचे पती गेले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि आता ऐंशी उलटली होती. तिने पदराच्या गाठीतून एक लहानसा, कडा झिजलेला फोटो काढला, त्यात वेणीत अबोलीचा गजरा माळलेली बाई होती, आणि म्हणाली, “त्यांनी हिला पाहिली आहे. मला कुठे पाहिली आहे?”

अशा प्रश्नाला “हो, नक्की ओळखतील” असे पटकन म्हणून सुटका करून घेऊ नये. शास्त्रात काय आहे ते सांगावे आणि तेवढेच सांगावे. पुनरुत्थानानंतरचा येशू हाच या बाबतीत आपला एकमेव नमुना आहे. त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, म्हणजे तो तोच होता. तरीही अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर मैलोनमैल चालले आणि त्यांनी त्याला ओळखले नाही, भाकर मोडताना ओळखले. मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला. तिने त्याला चेहऱ्यावरून ओळखले नाही, त्याने “मरीये!” अशी हाक मारली, तेव्हा ओळखले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल बी आणि रोप यांचा दाखला देतो: पेरतो ते बी आणि उगवते ते रोप सारखे दिसत नाहीत, पण गव्हातून गहूच येतो. उठलेले शरीर किती वयाचे दिसेल यावर ऑगस्टीनने तर्क केला होता आणि तिशीच्या आसपासचे, ख्रिस्ताच्या वयाचे, असे त्याचे मत पडले. ते मत म्हणूनच सांगावे.

आजीला मी एवढेच सांगितले की मरीयेला ओळख हाकेने पटली. तिने फोटो पुन्हा गाठीत बांधला. “हाक मारायचे ते मला. नावाने नाही, ‘अगं ऐकलंस का’ म्हणायचे,” ती म्हणाली, आणि पुढे काही विचारले नाही.

पतीपत्नीचे नाते

ज्याचे दुसरे लग्न झाले आहे, तो हा प्रश्न मनात ठेवतो, विचारत नाही. मत्तयाच्या २२ व्या अध्यायात सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांनी तो येशूला थट्टेने विचारला होता: एका स्त्रीने एकामागून एक सात भावांशी लग्न केले, पुनरुत्थानात ती कोणाची? सदूकी पुनरुत्थान मानतच नव्हते, म्हणून हे कोडे त्यांनी रचले होते. येशूचे उत्तर असे की पुनरुत्थानात लोक लग्न करत नाहीत व करून देत नाहीत, ते स्वर्गातील देवदूतांसारखे असतात. हे वाचून विधवा आणि विधुर घाबरतात. म्हणून सांगावे की या उत्तरात विवाहसंस्था संपते असे म्हटले आहे, ओळख किंवा प्रेम संपते असे म्हटलेले नाही. त्याच उत्तरात पुढे देव अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव आहे, तो मेलेल्यांचा नसून जिवंतांचा देव आहे, असे येशू म्हणतो. म्हणजे ते तिघे आपापल्या नावाने देवापुढे जिवंत आहेत. आपण मनात बांधतो त्या पुनर्भेटीत जुने घर, जुना ओटा, जुना संसार जसाच्या तसा पुन्हा मांडलेला असतो. शास्त्रात तसे वचन दिलेले नाही आणि सभेतही तसे चित्र रंगवू नये.

“ते आता कोठे आहेत?”

भेट केव्हा होईल, मृत्यूनंतर लगेच की शेवटल्या दिवशी, यावर ख्रिस्ती परंपरांची उत्तरे वेगळी आहेत. येशूने वधस्तंभावरच्या चोराला “तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील” असे म्हटले आणि पौलाला देह सोडून ख्रिस्ताजवळ जाणे फार चांगले वाटले. दुसरीकडे शास्त्रात मृतांना ‘झोपी गेलेले’ म्हटले आहे. कॅथलिक मंडळीत पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये ठाम केले की पूर्ण शुद्ध झालेले आत्मे शेवटल्या न्यायाची वाट न पाहता देवाचे दर्शन घेतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्याही आत्मा प्रभूजवळ जातो आणि शरीर पुनरुत्थानाची वाट पाहते असेच मानतात, फक्त शुद्धिस्थान मानत नाहीत. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मात्र मृत व्यक्ती पुनरुत्थानापर्यंत अजाण निद्रेत असते असे शिकवतात. त्यांच्या घरी “बाबा आता वरून आपल्याकडे पाहत आहेत” हे वाक्य चुकीचे ठरते. खरे तर इतरांच्या घरीही ते जपूनच म्हणावे. त्यासाठी इब्री लोकांस पत्रातल्या साक्षीदारांच्या मेघाचा आधार घेतात, पण तेथले साक्षीदार आपल्या विश्वासाने साक्ष देणारे आहेत; सज्ज्यात बसून आपल्याकडे पाहणारे प्रेक्षक असा अर्थ त्यातून सहज निघत नाही. तिन्ही मतांना चालेल असे वाक्य हवे असेल तर “ते प्रभूच्या हाती आहेत” हे म्हणावे.

दहनाविषयीही लोक दबक्या आवाजात विचारतात, विशेषतः मुंबईसारख्या शहरात, जेथे दफनाला जागा अपुरी पडते. शरीर जाळले तर उठेल कसे, आणि भेट कशी होईल? कॅथलिक मंडळीने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली आणि २०१६ च्या सूचनेत रक्षा विखरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी असे सांगितले. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेची अडचण नाही, एवढे उत्तर पुरते.

जेथे फार जपून बोलावे

गेलेले माणूस ख्रिस्ती नव्हते किंवा विश्वासापासून दूर होते, अशा वेळी काय म्हणावे हा मराठी ख्रिस्ती लोकांचा खास दुखरा प्रश्न आहे, कारण आपल्यातल्या पुष्कळांचे आजेपणजे हिंदू होते. पंडिता रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेली, भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये आणि पती बिपिनबिहारी १८८२ मध्ये. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. म्हणजे त्यांच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या माणसांपैकी बहुतेक जण त्यांनी ख्रिस्त स्वीकारण्याआधीच गेले होते. मुलगी मनोरमा तेवढी त्यांच्याबरोबर त्या विश्वासात वाढली आणि तीही जुलै १९२१ मध्ये, आईच्या आधी सुमारे साडेआठ महिने गेली. अशा घरातल्या माणसापुढे “विश्वासणाऱ्यांची पुन्हा भेट होईल” हे वाक्य म्हटले की त्याच्या मनात लगेच ‘मग माझ्या आईचे काय?’ हा प्रश्न उठतो.

येथे दोन्ही टोके टाळावीत. लूकच्या १६ व्या अध्यायातल्या दाखल्यात श्रीमंत मनुष्य आणि लाजर नावाचा भिकारी (हा लाजर निराळा) यांच्यामध्ये मरणानंतर मोठी दरी आहे असे येशू सांगतो, तेव्हा सगळे सरसकट भेटतील असे त्याच्या नावाने जाहीर करण्याचा आपल्याला हक्क नाही. पण स्मरणसभा हे न्यायालय नव्हे, आणि कोण कोठे गेले हे ठरवण्याचा हक्कही आपल्याला नाही. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, असे शिकवले की स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्तेला अपरिचित राहिलेले, पण प्रामाणिक मनाने देवाला शोधणारे लोक तारण पावू शकतात. अनेक प्रोटेस्टंट पाळक एवढे म्हणत नाहीत. ते अब्राहामाचा प्रश्न पुढे ठेवतात, की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? आपण ज्या मंडळीत बोलत आहोत त्या मंडळीची भाषा वापरावी आणि विषय देवाच्या न्यायावर व दयेवर सोडावा.

आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या सभेत मृत्यूच्या कारणाचा उल्लेखसुद्धा कुटुंबाने सांगितल्याशिवाय करू नये. अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात लिहिले आहे, हे फादर नसतील तरी घरच्यांना खासगीत सांगता येते.

बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बाळाविषयी पूर्वी ‘लिंबो’ची, म्हणजे अशी बाळे स्वर्गाबाहेर पण दुःखाविना राहतात त्या जागेची, कल्पना सांगत, तो कधीच अधिकृत सिद्धांत नव्हता, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत असे म्हटले. बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, हे येशूचे वचन दोन्ही परंपरांत चालते. मी कळीऐवजी हे म्हणायला हवे होते.

प्लँचेट, ‘बाबांचा निरोप सांगणारी’ बाई, स्वप्नाचा अर्थ लावणारे महाराज यांविषयी कोणी हळूच विचारले, तर हळूच पण निश्चित नकार द्यावा; जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मृतांना विचारण्यास मनाई आहे. शौल राजाने एन-दोरच्या बाईकडून मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलावले, त्याची फलश्रुती शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात वाचायला मिळते. ही भेट मागून घेण्याची नाही, दिली जाण्याची आहे.

प्रत्यक्ष बोलताना

पाच ते सात मिनिटे पुरतात. सुरुवात गेलेल्या माणसाच्या एखाद्या बारीक, खऱ्या गोष्टीने करावी, गुणांच्या यादीने करू नये. ‘अत्यंत मनमिळाऊ व परोपकारी’ हे शब्द कोणाही माणसाला लागू पडतात. “दर रविवारी पहिली घंटा होण्याआधी येऊन ते बाकांवरची धूळ पुसायचे” हे एकट्या त्यांचेच असते, आणि पुनरुत्थान ‘त्याच व्यक्ती’चे होते असे सांगायचे असेल तर आधी ती व्यक्ती डोळ्यांपुढे आणायला हवी. मग उतारा वाचावा आणि त्यातला एकच शब्द उलगडावा. शेवट प्रार्थनेकडे वळवावा. नमुना म्हणून असे बोलता येईल:

“काकांचे चष्म्याचे घर अजून चर्चच्या तिसऱ्या बाकावर आहे. गेल्या रविवारी मी ते उचलून पाहिले आणि परत तेथेच ठेवले. आपल्याला दुःख आहे, आणि पौल आपल्याला दुःख करू नका असे म्हणत नाही. तो फक्त म्हणतो की आपण आशेसह दुःख करावे. ख्रिस्त मेला आणि पुन्हा उठला, म्हणून जे त्याच्यात झोपी गेले त्यांना देव त्याच्याबरोबर आणील. ‘आपण त्यांच्याबरोबर’ हे शब्द लक्षात ठेवा. ती भेट कशी असेल हे आम्ही सांगू शकत नाही, पण कोणामुळे होईल हे सांगू शकतो.”

यात भेटीचे वर्णन नाही, भेटीचे कारण आहे. श्रोत्यांना वर्णन आवडते आणि वक्त्यालाही सोन्याचे रस्ते, पांढरे झगे, सतत चाललेले गायन असे रंग भरावेसे वाटतात. इ. स. २५२ च्या सुमारास कार्थेजमध्ये साथीने माणसे पटापट मरत असताना बिशप सिप्रियन यांनी लिहिले, की स्वर्गात प्रियजनांचा मोठा समुदाय, आईवडील, भाऊ, मुले, आपली वाट पाहत आहेत. तेही वर्णनात गुंतले नाहीत; वाट पाहणारी माणसे एवढेच त्यांनी दाखवले. पण त्याच लिखाणात त्यांनी शोकाची काळी वस्त्रे घालू नका असेही सांगितले, ते मला पटत नाही. आपल्याकडे पांढरे नेसण्याची रीत आहे आणि ती मोडायला कोणाला सांगू नये.

शोकसंदेश आणि कबरेवरचा लेख

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना संदेशात काय लिहावे असा संकोच वाटतो. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, म्हणून ख्रिस्ती कुटुंबे त्याऐवजी ‘ख्रिस्तवासी’ किंवा ‘प्रभुवासी’ लिहितात. ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ हेही रूढ आहे आणि ते फार जुने आहे, कारण सिमेट्री या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच झोपण्याची जागा असा आहे. ‘आत्म्यास सद्गती लाभो’ असे कोणी लिहिले तर कुटुंब रागावत नाही, भावना पोहोचते. तरी “पुनर्भेटीच्या आपल्या आशेत आम्ही आपल्या सोबत आहोत” असे एक वाक्य लिहिले, तर शेजाऱ्याने आपला विश्वास समजून घेतला याचे त्यांना समाधान वाटते.

कबरेच्या दगडावर वचन कोरायचे असेल तर जागा थोडी आणि कारागीर बहुधा बायबल न वाचणारा असतो. वचनाचा मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून द्यावा, पुस्तकाचे नाव, अध्याय व ओवी तपासून घ्यावी, आणि कोरण्यापूर्वी खडूने दगडावर काढून दाखवायला सांगावे. एका कबरेवर ‘१ थेस्स. ४:१७’ ऐवजी ‘१ थेस्स. ४:७१’ कोरलेले मी पाहिले आहे. त्या अध्यायात अठराच ओव्या आहेत. मुलाने नंतर आकडे सिमेंटने भरून पुन्हा कोरून घेतले, पण पावसाळ्यात सिमेंट काळे पडले आणि जुना आकडा आजही खालून दिसतो.

महिनाभराने, येणारे-जाणारे थांबल्यावर, त्या घरी पुन्हा जावे. या वेळी बायबल पिशवीतच ठेवावे आणि त्यांना गेलेल्या माणसाविषयी बोलू द्यावे, त्यांनी होऊन “त्या दिवशी तुम्ही काय वाचले होते?” असे विचारले, तरच ते बाहेर काढावे.